पत्त्यांवरचं हसू

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. आमच्या घरी त्या नावाचा मान पत्त्यांनी राखला जाई. फराळाची ताटं उचलली की सतरंजी पसरायची आणि झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन असे डाव रात्री उशिरापर्यंत चालायचे. पैसे लावायला अण्णांची बंदी होती, म्हणून चिंचोके लावायचे. ते पत्ते साधे असत. एकाच वर्षी मामांनी मुंबईहून एक वेगळा कॅट आणला. त्यातला गुलाम तिरळा होता, राणी जांभई देत होती आणि इस्पिकचा राजा दाढी करत होता. डाव बाजूला राहिला आणि आम्ही मुलं नुसती पानं बघत बसलो. त्या कॅटमधली बदामची नव्वी पुढे हरवली. उरलेली एक्कावन्न पानं मात्र आजही माझ्याकडे आहेत. संग्रहाची सुरुवात तिथून झाली.

आज माझ्याकडे साडेतीनशेच्या आसपास कॅट आहेत. त्यातले निम्म्याहून अधिक विनोदी म्हणता येतील असे, म्हणजे पानांवर व्यंगचित्रं, चेष्टा, टोमणे किंवा नजरबंदीची गंमत असलेले. अस्सल जुने फार थोडे आहेत, बहुतेक पुनर्मुद्रणं. एका निवृत्त माणसाला परवडेल एवढाच हा व्याप आहे. पण या हौसेपायी मला जो इतिहास वाचावा लागला, तो शाळेतल्या इतिहासात कधी भेटला नव्हता.

जुना कॅट हाती आला की संग्राहक आधी दोन प्रश्न विचारतो. हा कधीचा? आणि पूर्ण आहे का? तिसरा प्रश्न मला अण्णांनी दिला. त्याविषयी पुढे सांगतो, कारण हा लेख खरं तर त्या तिसऱ्या प्रश्नाचाच आहे.

०००

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पानंच देतात. आपण खेळतो त्या पत्त्यांचे कोपरे गोल असतात, कोपऱ्यात अंक छापलेला असतो आणि राजा-राणी-गुलाम दोन्ही बाजूंनी सुलटे दिसतात. या सगळ्या सोयी एकोणिसाव्या शतकात रुळल्या. त्याआधीच्या राजाला पाय असत आणि पान उलटं आलं तर तो डोक्यावर उभा राही. कोपऱ्यात अंक नसल्यामुळे खुणा मोजाव्या लागत. पानाची मागची बाजू बहुधा कोरी असे आणि लोक तिचा वापर चिठ्ठी किंवा आमंत्रण लिहिण्यासाठी करत.

इंग्लंडच्या कॅटमध्ये इस्पिकचा एक्का सर्वांत बोलका असतो. 1711 साली राणी अ‍ॅनच्या राजवटीत पत्त्यांच्या प्रत्येक कॅटवर सहा पेन्सचा कर बसला. कर भरल्याची खूण म्हणून पुढे, 1765 पासून, इस्पिकचा एक्का सरकारी खात्यातच छापला जाऊ लागला. बाकीची एक्कावन्न पानं कारखानदाराने छापायची आणि एक्का सरकारकडून घ्यायचा. या एक्क्याची बनावट करणं हा देहान्ताचा गुन्हा होता. रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला 1805 साली त्यासाठी फाशी झाली. पुढे कर घटला आणि कारखानदारांना आपला एक्का आपण छापण्याची मुभा मिळाली, पण इस्पिकच्या एक्क्यावर भरगच्च नक्षी काढायची सवय गेली नाही. आपल्याकडच्या स्वस्तातल्या कॅटमध्येही तोच एक्का आजतागायत नटून बसलेला असतो. कर मात्र 1960 साली संपला.

जोकर हा तर अगदीच उशिरा आलेला पाहुणा. अमेरिकेत युकर नावाचा खेळ लोकप्रिय होता. त्यात सर्वांवर मात करणारं एक जादा पान हवं होतं, म्हणून 1860च्या दशकात ते घातलं गेलं. विदूषकाची टोपी त्याच्या डोक्यावर पुढे चढली. म्हणजे ज्या कॅटमध्ये जोकर आहे तो फार जुना नाही, एवढं डोळे मिटून सांगता येतं. पण पत्त्यांवरचा विनोद जोकरच्या कितीतरी आधीचा आहे.

०००

आता अण्णांची गोष्ट.

1990च्या दशकात सागवानाच्या लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं, हे अनेक वाचकांना आठवत असेल. आज काही हजार भरा, तुमच्या नावाने रोपं लावू, वीस वर्षांनी लाखो रुपये घेऊन जा. अण्णा शाळेत कारकून होते. पै-पैचा हिशेब ठेवणारा, चिंचोक्यांनी पत्ते खेळणारा माणूस. निवृत्त झाल्यावर भविष्यनिर्वाह निधीतले पन्नास हजार त्यांनी अशा एका योजनेत घातले. दोन वर्षं कंपनीची पत्रं आली, मग पत्रं बंद झाली, मग कार्यालयाला कुलूप लागलं. हिरव्या शाईत झाडाचं चित्र असलेलं एक प्रमाणपत्र तेवढं उरलं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला सगळे जमले असताना मी म्हणालो, "अण्णांना खरंच वाटलं, झाडाला पैसे लागतात!" सगळे हसले. अण्णाही हसले आणि पाणी प्यायला आत गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी मात्र उठून आत गेलो नाही.

तीनचार वर्षांनी मला चोर बाजारात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एक पुनर्मुद्रित कॅट मिळाला. मूळ कॅट 1720 सालचा, लंडनचा, सेंट पॉल्स चर्चच्या आवारातले चित्रविक्रेते टॉमस बोल्स यांनी काढलेला. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात छोटंसं पत्त्याचं पान, मध्ये चित्र आणि खाली चार ओळींचं पद्य. विषय एकच, त्या वर्षी लंडनमध्ये निघालेल्या बुडबुडा कंपन्या.

1720 हे वर्ष जगाच्या आर्थिक इतिहासात साउथ सी कंपनीमुळे गाजलं. 1711 साली स्थापन झालेल्या या कंपनीने सरकारी कर्जाचा मोठा भाग आपल्या शेअरमध्ये बदलून घ्यायची योजना आणली आणि तिच्या शेअरची हवा झाली. जानेवारीत सव्वाशेच्या आसपास असलेला भाव उन्हाळ्यात हजाराच्या घरात पोचला आणि वर्षअखेरीस पुन्हा होता तिथे आला. टांकसाळीचा प्रमुख असलेल्या न्यूटनसारख्या माणसाचेही त्यात मोठे पैसे बुडाले. या लाटेवर स्वार होऊन शेकडो लहान कंपन्या निघाल्या. काही बऱ्या, काही निव्वळ थापा. आपोआप कायम फिरत राहणाऱ्या चाकाची योजनाही त्या काळच्या यादीत आढळते. बोल्सच्या कॅटमध्ये या छोट्या कंपन्या एकेका पानावर बसवल्या आहेत.

एक पान यॉर्क बिल्डिंग्ज या पाणीपुरवठा कंपनीचं आहे. ज्यांना आपला पैसा थेम्सच्या पाण्यात बुडवायचा असेल त्यांनी हिचे शेअर घ्यावेत, हिच्या हौदात कितीही पैसा बुडेल, असा त्यावरच्या पद्याचा आशय. दुसरं पान जेम्स पकलच्या बंदुकीचं. 1718 साली पेटंट मिळालेली ही तिपाईवरची, फिरत्या नळकांड्याची बंदूक. तिच्या पेटंटमध्ये ख्रिश्चन शत्रूंसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी गोळ्या अशी सोय होती, हाच मुळात एक विनोद. पानावरचं पद्य दिलासा देतं की मित्रांनो, या भयंकर यंत्राला भिऊ नका, ज्यांनी याचे शेअर घेतलेत तेवढेच जखमी होतील.

मला हे फार आवडलं. घरी आल्या आल्या मी अण्णांना पानं दाखवली आणि पद्यांचा अर्थ सांगू लागलो. थेम्सच्या पानाला ते मोकळेपणी हसले. बंदुकीचं पान त्यांनी हातात घेतलं, चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात हसायचं कुणाला रे? कंपनी काढणाऱ्याला, की पैसे भरणाऱ्याला?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पान परत कॅटमध्ये ठेवलं आणि सवयीने पत्ते पिसायला लागले.

०००

तो प्रश्न घेऊन मी सगळे कॅट पुन्हा काढले.

बोल्सच्या कॅटचं उत्तर सरळ नाही. पद्यांचा रोख बोगस योजनांवर आहे, त्यामुळे तो काढणाऱ्याला झोंबतो. पण शेवटचा फटका बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या पाठीत बसतो. थेम्समध्ये बुडणारा पैसा त्याचा, बंदुकीने जखमी होणारा तो. प्रत्यक्ष इतिहासात काढणाऱ्यांनाही काही भोगावं लागलं. 1721 साली संसदेने साउथ सी कंपनीच्या संचालकांच्या मालमत्तेचा मोठा भाग जप्त केला, अर्थमंत्री जॉन एस्लाबी यांना टॉवरच्या तुरुंगात टाकलं. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट मात्र आधीच समुद्र ओलांडून निसटला होता. हा कॅट मात्र 1720चा आहे. त्यात तो तापलेला बाजार आहे, चौकशी अजून व्हायची आहे.

आणखी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. या कंपनीला स्पेनच्या राजाकडून मिळालेला मुख्य परवाना होता गुलामांच्या व्यापाराचा. आफ्रिकेतून वर्षाला 4,800 माणसं स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींना पुरवायची, असा तो करार. बाजार कोसळला तेव्हा जग हसलं ते शेअरच्या भावाला. जहाजांच्या तळात साखळीने बांधलेल्या माणसांचा विषय त्या हसण्यात आला नाही. विनोद कशाला हसतो याबरोबर तो कशाकडे पाठ फिरवतो हेही पाहावं लागतं.

दुसरा कॅट याहून अस्वस्थ करणारा आहे. 1678 साली लंडनमध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने सांगितलं की कॅथलिक पाद्री राजा दुसऱ्या चार्ल्सचा खून करायचा कट रचत आहेत. कट असा काही नव्हताच. पण ज्यांच्यासमोर ओट्सने शपथेवर जबानी दिली होती, ते न्यायाधीश एडमंड बेरी गॉडफ्रे त्याच सुमारास मृतावस्थेत सापडले आणि शहर भीतीने वेडं झालं. गॉडफ्रेंच्या खुनाबद्दल तीन माणसांना फासावर चढवलं गेलं. या 'कटा'पायी एकूण किमान पंधरा निरपराध माणसांचा जीव गेला.

1679 साली, म्हणजे हे सगळं चालू असतानाच, या विषयावरचा बावन्न पानांचा कॅट बाजारात आला. चित्रकार साधासुधा नव्हता. फ्रान्सिस बार्लो हा इसापनीतीच्या सुंदर चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला, पशुपक्षी काढण्यात हातखंडा असलेला माणूस. या कॅटसाठी त्याने केलेली मूळ रेखाटनं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात कारस्थानी पाद्री आहेत, खलबतं आहेत, मृतदेह घोड्यावरून नेणारे मारेकरी आहेत, आरोपींच्या शिक्षाही आहेत. काही पानं उघड चेष्टेची, काही गंभीर, पण सगळ्यांचा सूर एकच, की हे असंच घडलं. पत्ते रोज हातात येतात, वर्तमानपत्रासारखे दुसऱ्या दिवशी शिळे होत नाहीत. खोटं घरोघर पोचवायला याहून सोपं वाहन कुठलं?

1685 साली ओट्सवर खोट्या शपथेचा गुन्हा शाबीत झाला. त्याला चौकात खोड्यात अडकवलं, फटके मारले. चार वर्षांनी राजा बदलला आणि त्याची सुटका झाली, वर निवृत्तिवेतनही मिळालं. ज्यांना फाशी झाली त्यांना काय मिळणार? पत्त्यांवर ती माणसं आजही खुनीच आहेत. हा कॅट मी एका संग्राहकाकडे पुनर्मुद्रणाच्या रूपात पाहिला. तो विकायला तयार होता. मी घेतला नाही. पुढे वर्षभराने जाऊन घेतला, कारण तोवर लक्षात आलं होतं की जो संग्रह फक्त निर्मळ विनोद ठेवतो तो खोटा संग्रह आहे.

०००

सगळाच विनोद कुणाला तरी खाली पाडून उभा राहतो असं मात्र नाही. माझ्या संग्रहातला सर्वांत लाडका प्रकार वेगळा आहे. त्यात पानावरच्या खुणांचा आकार, संख्या आणि जागा बदलायची नाही, पण त्यांना चित्रात असं विरघळवायचं की बघणाऱ्याला आधी चित्र दिसावं आणि मग खुणा. बदाम उलटा करून त्याचा चेहरा, किलवरची तीन पाकळ्यांची टोपी, इस्पिकची ढाल, चौकटची खिडकी. पंजी असेल तर पाच खुणा आपापल्या ठरलेल्या जागीच बसणार. त्या पाच जागांवर पाच डोकी येतील असा प्रसंग चित्रकाराने शोधायचा. एका पानावर ते जमतं. खरी परीक्षा चाळीस पानांवर सतत जमवण्याची असते.

या प्रकाराला प्रतिष्ठा दिली ट्युबिंगेनच्या कोटा या प्रकाशकाने. गटे आणि शिलर यांची पुस्तकं छापणारा हा माणूस. 1805 पासून 1811 पर्यंत त्याने दरवर्षी, एक वर्ष वगळून, असे कॅट काढले. पहिल्या कॅटमधले राजे-राण्या शिलरच्या जोन ऑफ आर्कवरच्या नाटकातून घेतले होते. पुढे ही हौस युरोपभर पसरली. कादंबरीकार थॅकरेही असे पत्ते काढत असे. त्याच्या मृत्यूनंतर 1876 साली निघालेल्या 'द ऑर्फन ऑफ पिमलिको' या पुस्तकात त्यातले काही छापले आहेत. अमेरिकेत 1879 साली टिफनी या जवाहिऱ्यांनी 'हार्लेक्विन' नावाचा असाच देखणा कॅट काढला आणि सिगारेटच्या पाकिटांतूनही अशी पानं वाटली जाऊ लागली. त्याच काळातल्या अमेरिकन विनोदी छपाईत कृष्णवर्णीय, आयरिश, चिनी माणसांची हिणकस व्यंगचित्रंही भरपूर होती, त्यामुळे इथेही अण्णांचा प्रश्न खिशात ठेवूनच पान उलटावं लागतं. पण उत्तम पानांत हसू येतं ते आपल्याच नजरेचं. आपण फसलो, हे कळल्यावर येणारं.

मराठी वाचकाला हे नवं नाही. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं आठवा. खिडकीतून भलतंच काही दिसायचं आणि पान उलटलं की साधा, निष्पाप प्रसंग निघायचा. चूक चित्राची नसे, आपल्या मनाची असे. कोटाने जे पत्त्यांच्या खुणांवर साधलं, तेच पाटकरांनी कागदाला पाडलेल्या खिडकीतून साधलं, असं मला नेहमी वाटतं.

आणि आपली गंजिफा? सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर आजही दशावतारी गंजिफा रंगवताना दिसतात. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण 120 पानं. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. ही पानं विनोदी नाहीत. पण कूर्मावताराच्या दश्शीत दहा कासवं एका वाटोळ्यात दाटीवाटीने बसलेली मी पाहिली आणि मला हसू फुटलं. रंगवणारे गृहस्थही हसले. म्हणाले, "दहावं कासव बसवताना आम्हांलाही घाम फुटतो." तिथे हसायचं कुणाला, असा प्रश्नच मनात आला नाही.

०००

एवढी जुनी पानं आपल्याला आज पाहायला मिळतात ती संग्राहकांमुळे. पत्ते ही मुळात झिजून फेकायची वस्तू. लेडी शार्लट श्रायबर या बाईंनी ती जपायची म्हणून जपली. 1812 साली जन्मलेल्या या बाईंनी वेल्श भाषेतल्या प्राचीन कथांचं इंग्रजी भाषांतर केलं, पहिल्या पतीच्या मृत्यूनंतर त्याचा लोखंडाचा कारखाना चालवला आणि उतारवयात युरोपभर फिरून चिनी मातीची भांडी, हातपंखे आणि पत्ते जमवले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. 1895 साली त्या वारल्यावर त्यांचे पत्ते ब्रिटिश म्युझियमकडे गेले आणि 1901 साली त्यांची सूची प्रसिद्ध झाली. त्या सूचीत बुडबुडा कंपन्या आहेत आणि ओट्सचा कटही आहे. बाईंनी निवड केली नाही, सगळं ठेवलं.

मीही आता तसंच करतो. फक्त प्रत्येक कॅटच्या डबीत एक चिठ्ठी घालतो. तिच्यावर तीन ओळी असतात. कधीचा. पाने किती. हसायचे कुणाला. पहिल्या दोन ओळी पुस्तकं पाहून भरता येतात. तिसरी भरायला कधी एक संध्याकाळ लागते, कधी कित्येक महिने. काही डब्यांत ती अजून कोरी आहे.

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची कागदपत्रं आवरताना हिरव्या झाडाचं ते प्रमाणपत्र निघालं. घडीवर घडी, पण नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. कशासाठी ठेवलं होतं कोण जाणे. कदाचित हिशेबी माणसाला कुठलाही कागद टाकवत नाही, एवढंच असेल. ते मी बोल्सच्या कॅटच्या डबीत, बावन्न पानांच्या खाली ठेवलं आहे. त्या डबीतल्या चिठ्ठीवर तिसऱ्या ओळीत मी लिहिलं आहे, 'पैसे भरणाऱ्याला. मीही हसलो होतो.'

दरवर्षी पाडव्याला नातवंडं पत्ते मागतात. मामांच्या त्या जुन्या कॅटने आम्ही खेळतो. बदामच्या नव्वीच्या जागी जोकर घेतो, चिंचोके लावतो. जांभई देणाऱ्या राणीला मुलं अजून हसतात.